बाबांचं ‘बघू’ कुठल्या चार अक्षरांत बसतं?

शहापूरकर

मंडळी, प्रश्न जरा लांबण लावून विचारतो, सांभाळून घ्या.

मी बेळगावात, उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गेल्या महिन्यात आमच्या एचआरने सगळ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवायला लावली. “पार्टीत तुम्ही अनोळखी लोकांशी आपणहून बोलता का?” या छापाचे प्रश्न. शॉपवरच्या निम्म्या लोकांनी विचारलं, कुठली पार्टी? शेवटी ‘लग्नाची पंगत समजा’ असं ठरलं. मला आयएसटीजे अशी चार अक्षरं मिळाली. म्हणजे मी अंतर्मुख, तपशिलात रमणारा, डोक्याने निर्णय घेणारा आणि कामं वेळेत उरकणारा. खूश होऊन घरी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “वेळेत? गिझरवाला दिवाळीपासून यायचाय.”

त्याच नादात घरच्या सगळ्यांना चाचणी सोडवायला लावली आणि तिथून डोक्याला भुंगा लागला.

आमचे शहापुरात चार यंत्रमाग आहेत. आजोबांचे हातमाग होते, बाबांनी यंत्रमाग घातले. आता साडीची मजुरी, वीजबिल, दुरुस्ती, कांड्या भरणाऱ्या मावशींचा पगार हे सगळं वजा केलं की जे हातात राहतं ते सांगायची लाज वाटते. दोन माग तर बंदच आहेत, त्यांवर आई पापड वाळत घालते. तीन वर्षं आम्ही म्हणतोय, निदान ते दोन विका. बाबा म्हणतात, “बघू.” श्रावण जाऊ दे, दसरा होऊ दे, लग्नसराई बघू. एकदाही ‘नाही’ म्हणालेले नाहीत. आणि आई? तिने आयुष्यातले सगळे मोठे निर्णय उभ्याउभ्या घेतलेत. वडगावचा प्लॉट तिने रिक्षातून न उतरता पसंत केला होता.

चाचणीत बाबा ‘विचाराने निर्णय घेणारे’ निघाले आणि आई ‘भावनेने’. मला तर हे सपशेल उलटं वाटतं.

तर विचारायचं असं की, माणूस निर्णय कसा घेतो ते ही अक्षरं खरंच सांगतात का? आणि ‘बघू’वाल्या माणसाला हलवायचं कसं?

कुंदा_पावकिलो

पहिला नंबर! वाचून मग येतो.

तर्कट

आयएसटीजे काय, वृश्चिक रास काय, माल एकच. डबा वेगळा.

१९४८ साली बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हातात त्याचं ‘खास’ वर्णन ठेवलं. विद्यार्थ्यांनी ते वर्णन किती जुळतं याला पाचपैकी गुण दिले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांच्या हातात शब्दन् शब्द तेच वर्णन होतं आणि त्यातली वाक्यं त्याने भविष्याच्या एका पुस्तकातून उचलली होती. ‘तुम्ही वरून शिस्तीचे वाटता पण आतून काळजी करता’, ‘तुमच्यातल्या बऱ्याच क्षमता अजून वापरल्याच गेलेल्या नाहीत’, असलं. आता सांगा, बेळगावात असा कोण आहे ज्याला वाटतं की आपली सगळी क्षमता वापरून झाली?

कुंदा_पावकिलो

माझी झालीय. रविवारी सकाळी तर नक्कीच.

एचआर_अक्का

तर्कटराव, थोडं थांबा. आमच्या खात्यावर दगड भिरकावण्याआधी ऐकून घ्या. ही चाचणी मीही घेते. कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं हे त्यावरून ठरवायचं नसतं, असं ती चाचणी विकणारी मूळ कंपनी स्वतःच सांगते. आम्ही वापरतो ते लोकांना एकमेकांबद्दल बोलतं करायला. आमच्याकडे एक सुपरवायझर आणि एक डिझायनर वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. कागदावर अक्षरं आल्यावर सुपरवायझर म्हणाला, “म्हणजे हा मुद्दाम गप्प बसत नाही होय? याचा स्वभावच तसला हाय!” वर्षात पहिल्यांदा दोघं एकत्र चहाला गेले. शास्त्र असो नसो, चहा तर झाला.

तर्कट

चहासाठी एवढ्या प्रश्नांची काय गरज? मी फुकट पाजला असता.

मनोविद्या

मी हा विषय शिकवतो, त्यामुळे प्रतिसाद लांबेल. वैतागलात तर गाळून पुढे जा.

मुळात मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये माणसांच्या मानसिक प्रकारांवर जो ग्रंथ लिहिला त्यातून हे सगळं आलं. बहिर्मुख-अंतर्मुख ही जोडी त्यानेच रूढ केली. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स या मायलेकींनी त्याचे सोळा प्रकार केले आणि प्रश्नावली बांधली. प्रश्नावलीचं काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालं. दोघींपैकी कुणीच मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. इसाबेलने त्याआधी रहस्यकादंबरी लिहिली होती. हे हिणवायला सांगत नाही, घरच्या माणसांकडे बारकाईने बघत बघत त्यांनी हे उभं केलं. शहापूरकरांनी तरी वेगळं काय केलं?

आता तुमच्या आईवडिलांकडे येतो. युंगच्या मांडणीत ‘विचार’ आणि ‘भावना’ हे दोन्ही निवाडा करण्याचेच मार्ग आहेत आणि दोन्हींना तो विवेकाचेच मानतो. भावना म्हणजे डोळ्यांत पाणी येणं नव्हे. हे कुणाला किती मोलाचं आहे याचा तोल बघून ठरवणं, ती भावना. ते काम तुमची आई रिक्षात बसूनही चोख करत असेल. म्हणून ‘भावनेने ठरवणारी’ आणि ‘हिशेबी’ यांत मला विरोध दिसत नाही. वडिलांना चाचणीने ‘विचारी’ म्हटलं कारण प्रश्नांना त्यांनी तशी उत्तरं दिली. आपण कसे ठरवतो याबद्दल माणसाची समजूत एक असते आणि प्रत्यक्ष ठरवणं वेगळं. चाचणीला दिसते ती समजूत.

दुसरी अडचण अशी की बहुतेक माणसं मध्यात असतात. थोडा अंतर्मुख, थोडा बहिर्मुख. चाचणी मात्र मधोमध रेघ मारते आणि या बाजूचा ‘आय’, त्या बाजूचा ‘ई’ असं सांगून मोकळी होते. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं.

कोगनोळी_नाका

सर, मधोमध रेघ मारण्याबद्दल आम्हाला शिकवू नका! १ नोव्हेंबर १९५६ ला आमच्याकडे मारलीय की. नाक्याच्या अलीकडचा ऊस कर्नाटकाचा, पलीकडचा महाराष्ट्राचा. उसाला विचारलं तर दोन्ही गोडच म्हणतोय. माझी आत्या कागलला आणि आम्ही इकडं. तिच्या आणि आमच्या स्वभावात एवढाच फरक की तिच्या वीजबिलावर मराठी असतं.

मनोविद्या

हे उदाहरण उद्या वर्गात चोरणार. एकोणपन्नास टक्के आणि एक्कावन्न टक्के हे शेजारी असतात, पण चाचणीत त्यांची राज्यं वेगळी होतात.

सीमावासी_५६

राज्याचा विषय निघालाच आहे तर...

संपादक

तो विषय नको. त्यासाठी वेगळे धागे आहेत, सतरा तरी आहेत.

खानापूरकर

मी शिकलेला कमी, पण जनावरांच्या बाजारात चाळीस वर्षं फिरलोय. तुमच्या चाचणीसारखी आमच्याकडं बैलाची चाचणी असते. दात बघायचे, दोन दाती, चार दाती, जुळला की काय. खूर बघायचे. शिंगांची ठेवण. आणि भोवरे! अंगावरच्या केसांचा भोवरा कुठं आहे त्यावरनं हा बैल घर भरणार की घर बुडवणार सांगणारे महाभाग आहेत. माझ्या बापानं एकदा चांगला बैल सोडला, का तर पाठीवर भोवरा चुकीच्या जागी. तो बैल शेजाऱ्यानं घेतला. बारा वर्षं राबला. भोवरा तिथंच होता.

दात बघणं खरं, कारण दातावरनं वय कळतंय. भोवरा बघणं म्हणजे मनाचं समाधान. तुमच्या त्या चार अक्षरांत दात किती आणि भोवरे किती, तेवढं सांगा की सर.

अजून एक. बैलाचा सौदा रुमालाखाली होतोय. दलाल तुमचा हात रुमालाखाली धरणार आणि बोटं दाबून भाव सांगणार. चारचौघांत आकडा बोलायचा नाही. का? लोकांपुढं आकडा उघडा झाला की माणूस मागं सरकत नाही, इज्जतीचा प्रश्न होतोय. रुमालाखाली तोच माणूस गपगुमान दोन बोटं कमी करतो. आता ह्याला काय अक्षर देणार?

तर्कट

खानापूरकर काका, कडक सॅल्यूट. अख्ख्या धाग्याचा प्रतिसाद.

मनोविद्या

काका, तुम्ही दोन परिच्छेदांत जे लिहिलंत त्यावर आमच्याकडे पन्नास वर्षं भांडण चाललंय. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने हेच म्हटलं की एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फारसं सांगता येत नाही, प्रसंगच बरंच काही ठरवतो. उलट बाजूचे म्हणाले, एकेक प्रसंग नको, वर्षभराची गोळाबेरीज बघा, मग स्वभाव दिसतो. दोन्ही बाजूंना तथ्य निघालं.

‘दात’ विचारलेत तर सांगतो. सध्या संशोधक ज्याला मानतात त्या पाच गुणरेषा आहेत. नव्याबद्दलचं कुतूहल, काटेकोरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं आणि चटकन अस्वस्थ होणं. त्यात प्रकार नाहीत, कमीजास्त आहे. मीठ कमी, मीठ जास्त, तसं. आणि मजा म्हणजे हे शब्दकोशातून आलं. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजीचा मोठा कोश चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास अठरा हजार शब्द काढले. जो फरक लोकांना रोजच्या जगण्यात महत्त्वाचा वाटतो त्याला भाषा शब्द घडवतेच, असा त्यामागचा विचार. पुढच्या लोकांनी ते शब्द गाळत, जुळवत पाचावर आणले.

आजीचा_बटवा

मग मराठीचे शब्द काढले तर? सुरुवात मी करते. घुम्या, भिडस्त, आतल्या गाठीचा, चेंगट, हेकट.

कुंदा_पावकिलो

उतावळा, धांदरट, आगाऊ, लोचट.

निपाणीची_लेक

खमक्या, पापभिरू, मुखदुर्बळ, कुचका, तिरसट. ‘शिष्ट’ राहिला. आमच्याकडे शिष्ट ही शिवी आहे.

खानापूरकर

हुच्च. हा कन्नडातनं आलाय पण आता आमचाच. वेडा म्हणायचं नसतं, पण शहाणा तरी कसं म्हणणार, अशा माणसाला.

अथणीची_सून

‘भिडस्त’ला इंग्रजीत काय म्हणणार हो? लाजाळू नव्हे. भिडस्त माणूस भरपूर बोलतो, फक्त ‘नाही’ म्हणता येत नाही त्याला. आमचे हे. उसन्या पैशांची वही भरलीय.

आजीचा_बटवा

आणि ‘आतल्या गाठीचा’ तुमच्या पाच रेषांत कुठे बसतो सर? माझी एक जाऊ आहे. बोलायला गोड, कामाला काटेकोर, कधी चिडणार नाही. चाचणीत पहिला नंबर काढेल. पण तिच्या मनात काय चाललंय ते देवाला माहीत.

मनोविद्या

बसत नाही. चाचणीच मुळी माणसाच्या स्वतःबद्दलच्या उत्तरांवर चालते आणि आतल्या गाठीचा माणूस स्वतःबद्दल सांगणार कशाला? काही संशोधकांनी पाचात सहावी रेषा घातली आहे, प्रामाणिकपणा आणि नम्रतेची. तुमच्या जाऊबाई तिथे सापडतील कदाचित.

आजीचा_बटवा

नकोच. सापडल्या तर तोंड द्यायला मलाच जावं लागेल.

वातपित्तकफ

हे सगळं आपल्याकडे आधीच होतं. वाताचा माणूस दहा निर्णय घेतो आणि अकरा मोडतो, पित्ताचा तिथल्या तिथे घेतो आणि भांडतो, कफाचा घेतच नाही. शहापूरकरांचे बाबा कफ प्रकृतीचे. दहीभात बंद करा.

शहापूरकर

दहीभात बंद केला तर माग राहतील, बाबा जातील.

तर्कट

वातपित्तकफ, तिकडे ग्रीकांकडेही चार द्रव होते आणि त्यावरून चार स्वभाव. दोन हजार वर्षं लोकांचा विश्वास होता. ‘आपल्याकडे होतं’ याने ते खरं ठरत नाही, फक्त जुनं ठरतं.

निपाणीची_लेक

‘प्रसंग ठरवतो’ यावरून आजोबा आठवले. निपाणीत तंबाखूचं रान, वखारीत माल घालायचा. आजोबा म्हणजे घुम्याचा अर्क. दिवसाला दहा वाक्यं. व्यापारी पान हातात घेऊन चुरगाळणार, वास घेणार, तोंड वाकडं करणार आणि भाव पाडून सांगणार. आजोबा ‘बरं’ म्हणून मान हलवणार. आजी घरी येऊन दोघांचंही नाव काढून शिव्या घालणार. ‘मिळतंजुळतं घेणं’ या रेषेवर शंभरपैकी शंभर.

१९८१ साली शरद जोशींचं तंबाखू आंदोलन झालं, तेव्हा शेतकऱ्यांनी निपाणीला हमरस्त्यावर बैठक मारली. आजोबा पण गेले. आजीला न सांगता. दिवसचे दिवस रस्त्यावर, तिथंच भाकरी, तिथंच झोप. पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. आजोबा परत आले तेव्हा आजीने विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला? म्हणाले, “सगळे बसले होते, मी बसलो.” पुढे पुन्हा दिवसाला दहा वाक्यं.

ते बहिर्मुख झाले होते का त्या दिवसांत? मला नाही वाटत. गप्पच बसले असणार तिथेही. पण बसले.

एचआर_अक्का

काटा आला.

कोगनोळी_नाका

माझे वडील पण होते त्यात. तेही ‘सगळे होते’ एवढंच सांगायचे.

ताळेबंद

सीएची प्रॅक्टिस करतो, त्यामुळे मूळ मुद्द्यावर येऊ का? शहापूरकर, तुमच्या बाबांना प्रकारबिकार काही लागत नाही. हे सगळ्या माणसांत असतं. कानेमन आणि ट्व्हर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर गेल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं. गेल्याचं साधारण दुप्पट बोचतं. कानेमनला २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ट्व्हर्स्की हयात नव्हता. तुमचे बाबा माग विकतील तो दिवस म्हणजे नुकसान पक्कं होण्याचा दिवस. ‘बघू’ म्हणेपर्यंत ते कच्च्या वहीत आहे.

माझ्याकडे असे पक्षकार कितीतरी येतात. पडलेला शेअर विकत नाहीत, चढलेला लगेच विकतात. मी एकच प्रश्न विचारतो, “आज हे तुमच्याकडे नसतं, तर याच भावाला विकत घेतलं असतं का?” बाबांना विचारून बघा. त्यांचं बोट धरून पापडाखालच्या मागापाशी न्या आणि विचारा.

शहापूरकर

ताळेबंद, विचारतो. आजच.

अथणीची_सून

आणि आईबद्दल कुणीच काही बोलत नाही! ती रिक्षात बसून प्लॉट घेते म्हणजे उतावळी म्हणायची का? माझी सासू तशीच. साडी घ्यायला गेली तर दुकानात तिसरी साडी बघून उठते. “भागतंय की!” म्हणते. मी चार दुकानं फिरून घरी येते आणि रात्री वाटतं पहिलीच बरी होती.

मनोविद्या

तुमच्या सासूबाईंच्या ‘भागतंय की’ला हर्बर्ट सायमनने १९५६ मध्ये इंग्रजीत एक नवा शब्द जोडून दिला. सर्वांत उत्तम शोधत न बसता पुरेसं चांगलं मिळालं की थांबायचं. सायमनलाही पुढे १९७८ मध्ये नोबेल मिळालं. नंतर २००२ मध्ये बॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांना आढळलं की सर्वोत्तमच्या मागे धावणारे निवड झाल्यावर जास्त हळहळतात. म्हणजे चार दुकानं फिरणाऱ्या तुम्ही. माझी बायकोही. मीही, खरं तर. हा प्रतिसाद तिसऱ्यांदा लिहितोय.

अथणीची_सून

सर, मग एक विचारू? माझं माहेर मराठी, सासर कन्नड. घरात नवऱ्याशी मराठी, सासूशी कन्नड, बँकेत इंग्रजी. मला जाणवतं की मी कन्नडमध्ये वेगळी बाई आहे. मराठीत मला भाजीवाल्याशी घासाघीस जमत नाही, ओशाळं वाटतं. कन्नडमध्ये “एष्टू?” (किती?) विचारलं की पुढचं आपोआप तोंडातून येतं. नवऱ्यासमोर मराठीत रडणारी मी, दिराने जमिनीचा विषय काढला तेव्हा कन्नडमध्ये त्याला सरळ ‘होणार नाही’ म्हणाले होते. घरात सगळे बघत राहिले. मग माझी अक्षरं कुठली? चाचणी कन्नडमध्ये दिली तर वेगळी येतील?

तर्कट

आता धागा खरा सुरू झाला.

मनोविद्या

यावर चांगलं काम झालंय. आधी जुना प्रश्न सांगतो. ६०० लोकांच्या जिवावर साथ आलीय. एक उपाय केला तर २०० नक्की वाचतील. दुसऱ्यात एक तृतीयांश शक्यता सगळे वाचण्याची, दोन तृतीयांश कुणीच न वाचण्याची. असं विचारलं की ७२ टक्के लोकांनी पहिला निवडला. मग तीच गोष्ट ‘४०० नक्की मरतील’ अशा शब्दांत दुसऱ्या गटाला विचारली, तर ७८ टक्के लोक जुगाराकडे गेले. १९८१ चा प्रयोग, वर आलेल्या कानेमन-ट्व्हर्स्की जोडगोळीचाच. हिशेब एकच, शब्द वेगळे.

२०१२ मध्ये बोआझ कायसर आणि शिकागोतल्या त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न लोकांना त्यांच्या परभाषेत विचारला. शब्दांची ती जादू जवळपास उतरली. ‘वाचतील’ म्हणा नाहीतर ‘मरतील’ म्हणा, उत्तरं सारखी येऊ लागली. एक स्पष्टीकरण असं की शिकलेली भाषा मनाला तितकी जाऊन भिडत नाही, थोडं अंतर राहतं.

अथणीची_सून

म्हणजे मी दिराशी बोलले ते अंतरावरून!

मनोविद्या

कदाचित. पण एक सावधगिरी. हे प्रयोग बहुतेक मोठेपणी, वर्गात शिकलेल्या भाषेवर झालेत. तुमची कन्नड सासरी शिकलेली, त्यामुळे थोडंफार लागू पडेल. जो माणूस गल्लीत खेळताना कन्नड शिकला त्याला ती परभाषा कशी म्हणायची?

खानापूरकर

बेळगावात परभाषा कुठली ते सांगणं एवढं सोपं असतं तर सत्तर वर्षं काय करायलो होतो आम्ही?

संपादक

काका...

खानापूरकर

बरं, गप्प बसतो. सुम्म कुंद्रतो.

कुंदा_पावकिलो

पूर्ण वाचून आलो. माझं मत: माणसांचे दोनच प्रकार. कुंदा फ्रीजमध्ये ठेवणारे आणि फ्रीजपर्यंत पोचू न देणारे. दुसऱ्या प्रकाराशी लग्न करू नये.

एचआर_अक्का

पावकिलो हे नाव घेणाऱ्याने फ्रीजच्या गप्पा मारू नयेत.

शहापूरकर

अपडेट देतो. ताळेबंद यांचा प्रश्न बाबांना विचारला. मागापाशी नेऊनच. “आज हे नसते तर याच भावाला घेतले असते का?” बाबांनी पापडाचा कागद थोडा बाजूला केला, बीमवरची धूळ बोटाने पुसली आणि म्हणाले, “कोण घेतंय? हुच्च हाय काय मी?” मी म्हटलं, मग विकूया. तर म्हणाले, “बघू.”

ताळेबंद

फी परत करतो.

तर्कट

मला वाटतं आपण सगळे ‘बघू’ हा निर्णय लांबणीवर टाकण्याचा शब्द धरून चाललोय. आपल्या घरांत ‘बघू’चा अर्थ पुष्कळदा ‘नाही’ असतो, फक्त समोरच्याला ‘नाही’ ऐकायला लागू नये म्हणून. मुलगी बघायला गेलेले ‘कळवतो’ म्हणतात तसं. त्यांचा निर्णय तीन वर्षांपूर्वीच झाला असेल.

अथणीची_सून

हो! आणि कन्नडमध्येही तेच, ‘नोडोण’. सासरे ‘नोडोण’ म्हणाले की सासू समजते विषय संपला. मला समजायला पाच वर्षं गेली, मी खरंच वाट बघत बसायची.

निपाणीची_लेक

म्हणजे बाबा भिडस्त. आजीचा_बटवा यांच्या यादीतला दुसरा शब्द.

शहापूरकर

थांबा थांबा. काल जे झालं ते सांगतो, मग ठरवा.

काल दुपारी भंगारवाल्या दलालाला मीच बोलावलं होतं. जुने माग हल्ली बहुतेक किलोवरच जातात. बाबांना आधी सांगितलं नव्हतं, चूक माझी. दलाल आला, दोघांचं कन्नडमध्ये सुरू झालं. बाबांची कन्नड वाईट नाही, सूत व्यापाऱ्यांशी आयुष्य गेलं त्यांचं. पण घरात आम्ही कन्नड बोलत नाही, त्यामुळे मी ते कधी नीट ऐकलेच नव्हते. हा वेगळाच माणूस होता. वजन किती भरेल, मोटार वेगळी धरायची, कास्टिंगचा भाव वेगळा, वाहतूक तुझी, रोख पाहिजे. दलालाने एकदा भाव पाडला तर बाबांनी सरळ ‘ब्याड’ (नको) म्हणून दरवाजाकडे हात केला. पंधरा मिनिटांत दोन माग गेले. येत्या गुरुवारी उचलणार. मागाचे धोटे आणि फण्या मात्र देणार नाही म्हणाले. का ते दलालाने विचारलं नाही, मीही नाही.

तो गेल्यावर आई आतून आली. विचारलं, काय ठरलं?

बाबा म्हणाले, “बघू.”

कुंदा_पावकिलो

आई गं. चहा नाकातून आला.

अथणीची_सून

सर!! सांगितलं होतं की नाही?

मनोविद्या

मोह होतोय, पण एवढ्यावरून भाषेला श्रेय देणार नाही. दलाल अनोळखी होता, त्याच्यापुढे भीड नव्हती. मुलगा विकायला सांगतोय म्हणून विकणं वेगळं आणि गिऱ्हाईक समोर आल्यावर भाव पाडून न देणं वेगळं. दुसऱ्या खेळात ते मुरलेले आहेत. कन्नड, अनोळखी माणूस, व्यापाराचा प्रसंग, तिन्ही एकत्र आलं. यातलं कुठलं लागू पडलं ते सांगायला बाबांना एक मराठी दलालही दाखवायला हवा.

ताळेबंद

दोन माग अजून आहेत. प्रयोगाला वाव आहे.

खानापूरकर

दलाल मराठी असू दे नाहीतर कन्नड, मुलगा बाजूला नको होता. रुमाल कुठाय? तुम्ही तीन वर्षं त्यांना चारचौघांत आकडा विचारलात. त्यानं पहिल्यांदा रुमालाखाली विचारला.

तर्कट

मुलगा बाजूलाच होता की काका.

खानापूरकर

होता, पण कन्नड येत नव्हतं म्हणालाय की. तोच रुमाल.

शहापूरकर

काका, थोडं येतं मला. पण ते त्यांना माहीत नाही.

आजीचा_बटवा

आतल्या गाठीचा कोण ते आता कळलं.

निपाणीची_लेक

आणि आईंना गुरुवारी कळणार का?

शहापूरकर

आईने आज सकाळीच पापड उचलून गच्चीवर नेले.